वाकड्या पायाचा पक्षी

डाव्या कुशीवर वळून तिने सुईत तांबडा दोरा ओवला आणि उशीच्या अभ्र्यावरच्या पक्ष्याचा दुसरा पाय भरायला घेतला. एकोणीस वर्षं तिने कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवल्या होत्या. त्याला डोकं लागत नाही, मान खाली घालायची एवढंच. शेवटी कंबरेनेच हात टेकले. डॉक्टरांनी महिनाभर पडून राहायला सांगितलं. "आत्ता ऐकलं नाहीत तर पुढे कुणीतरी उठवून बसवावं लागेल," असंही तोंडावर म्हणाले.

पहिले काही दिवस तिला चोरी केल्यासारखं वाटलं. शेजारीण डोकावली की ती कपड्यांच्या घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घालत बसे. मग कंटाळून तिने अभ्रा हातात घेतला आणि चार दिवसांत हा पक्षी उतरला. निळा, गुबगुबीत, जात कुठली ते त्यालाच ठाऊक. पाय भरता भरता तिला डुलकी लागली आणि तो वाकडा गेला. कारखान्यात असा टाका पडता, तर सुपरवायझरने चारचौघांत तिची शोभा केली असती. इथे तिने तो उसवला नाही. एकटीच बघत हसली. कित्येक वर्षांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

सकाळी लेकीने त्याचा फोटो काढून मोबाइलवरच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळी ती कामावरून आली, ती चप्पल न काढताच.

"आई, चाळीस जणांनी मागितलाय तुझा पक्षी!"

"काहीतरीच. पाय बघितलास का त्याचा?"

"अगं, तोच तर आवडलाय सगळ्यांना! अगदी तस्साच हवाय. आता कारखाना विसर. पडल्या पडल्या करायचं."

लेकीच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. तीही दोन ठिकाणी राबत होती, आणि आईचं भलं झालं म्हणून तिचा चेहरा नुसता फुलला होता.

आईने पक्ष्यावरून बोट फिरवलं. उद्या ती त्याला बसायला फांदी काढणार होती.

"कधीपर्यंत हवेत?"

"महिनाअखेर. हो म्हणून टाकलं मी."

आई भिंतीचा आधार घेत, ओठ दाबून, उठून बसली.

"घरात पुठ्ठा आहे का गं?"

"कशाला?"

"साचा कापते. चाळीसही पाय सारखेच वाकडे यायला हवेत."