अरुंद रस्त्यावरच्या दोन वराती

वळणापलीकडून ट्रम्पेट ऐकू आला आणि फाडिल जागीच थांबला. सूर लांबवून शेवटी किंचित वर उचलायची ती खोड अख्ख्या व्रान्या गावात एकाच माणसाची होती. त्याच्या बापाची.

नदीकाठच्या त्या रस्त्यावरून एका वेळी एकच गाडी जाई. वराती समोरासमोर आल्या की जिचा बँड आधी नमेल, तिने गाड्या चरात उतरवून वाट द्यायची, आणि तिच्या नवरीचं नशीब तिथेच फुटलं असं समजायचं. असली रीत कोणी काढली देव जाणे, पण तिच्यापायी चांगले शहाणेसुरते बाप्ये कमरेच्या पिस्तुलाला हात लावून उभे राहत.

"आज माघार घेतलीस तर बघ," वरबाप स्तामेन्कोने फाडिलच्या खांद्यावरच्या मानाच्या पंच्यावर थाप मारली. "म्हाताऱ्याच्या छातीचा भाता फुटला तरी चालेल."

भाता फुटायलाच आला होता. फाडिलचा बाप रुस्तेम सैन्याच्या बँडमधून पितळी ट्रम्पेट घेऊन परतला, तेव्हा वाडवडिलांच्या सनया त्याने कायमच्या आढ्याला टांगल्या. सगळ्या खोऱ्याला पितळेचं वेड लावलं ते त्याने. आता त्याची छाती घरघरत होती, डॉक्टरने वाजवायला साफ बंदी केली होती. पण ऐकेल तर तो रुस्तेम कसला. पोरालाही त्याने इतकी वर्षं आपल्यामागे साथीच्या दुसऱ्या सुरावरच दाबून ठेवलं. म्हणून तर फाडिलने वेगळा बँड काढला. स्वतः पुढे उभं राहून वाजवायची ही त्याची पहिलीच वरात. आज जिंकला की नाव झालंच म्हणून समजा.

दोन्ही बँड भिडले. घोडे बिथरले. दोन्हीकडचे ढोल छातीत धडधडू लागले.

"दादा, काकांचं तोंड बघ," चुलतभाऊ याशार ढोलावरून ओरडला. "वांगं झालंय नुसतं."

"तू ढोल बडव."

फाडिलने आणखी वरचा सूर लावला. बापानेही लावला. बापाचे डोळे मिटलेले, तोल जात होता, पण ट्रम्पेट खाली येत नव्हता. फाडिलला अजून भरपूर दम होता. बापाला नव्हता, आणि तो थांबणारही नव्हता. फाडिलला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याहून भयंकर भीती वाटली.

त्याने स्वतःची चाल सोडली आणि बापाची धरली. खालून, दुसऱ्या सुरात.

बापाचा सूर क्षणभर अडखळला. चाल फाडिलने सावरून धरली होती, तेवढ्यात म्हाताऱ्याने पोटभर श्वास घेतला.

कोण कोणाच्या मागे गेलं, हे कान असलेल्या प्रत्येकाला कळलं. स्तामेन्कोलाही. त्याने फाडिलच्या खांद्यावरचा पंचा हिसकावला.

"बापाच्या ताटाखालचं मांजर. जा त्याच्याच मागे. माझ्या दारात पाऊल टाकू नकोस."

गाड्या चरात उतरल्या. नवरी हमसून रडत होती. फाडिलला तिच्याकडे बघवलं नाही.

समोरची वरात जल्लोष करत पुढे सरकली. जवळून जाताना रुस्तेमने पोराची मान धरली आणि त्याला आपल्याबरोबर चालवत नेलं.

"घरी नेऊन चांगला सडकून काढ," कोणीतरी ओरडलं, तशी वरात खदाखदा हसली.

बापाचा सगळा भार फाडिलच्या मानेवरच्या त्या हातावर होता. फाडिलने तो हात झटकला असता तर म्हातारा रस्त्यातच कोसळला असता. फाडिलने मान खाली घातली आणि लोकांना हसू दिलं.