दोन हातांचं माप

"आजी गेली," टॅम्सिन म्हणाली आणि कसावा सोलायला बसली.

चटई विणणाऱ्या विलिमाइनाच्या हातातली केवड्याची पात तशीच राहिली. मोबाइलला रेंज फक्त टेकडीवरच्या आंब्याखाली यायची. पोरगी आत्ता तिथूनच उतरून आली होती. डोळे कोरडे ठणठणीत.

"कुणाची आजी?"

"माझी. काल. हॉस्पिटलात." सुरी चालूच होती. "मी ठीक आहे, आई. दुपारी तिसरीचा वर्ग घ्यायचाय मला."

टॅम्सिन टास्मानियाची. मास्तरकी शिकणारी ऑस्ट्रेलियातली मुलं दरवर्षी कंडावू बेटावरच्या या गावात येत, घरोघरी राहत आणि गावच्या शाळेत शिकवत. विलिमाइनानं अशी कितीतरी सांभाळली होती. कुणी उन्हानं सोलून निघे, कुणी निघताना गळ्यात पडून रडे आणि पुढे अवाक्षर कळवत नसे. तिची तक्रार नव्हती. पण ही पोर वेगळी. हिला आईबाप नव्हते, होती ती एक आजी. आणि पुढची बोट येईपर्यंत तिकडचं सगळं उरकलेलं असणार होतं.

पोरगी शाळेत गेल्यावर विलिमाइना गावाला दुखवट्याला बोलवायला उठली. तिची नणंद तोरिका आडवी आली. "वैनी, त्यांच्यात नसतं गं असलं काही. उगाच घोडं पुढे दामटू नकोस."

"नसू दे. घरातलं माणूस गेलंय. घर रिकामं कसं ठेवू?"

तोरिका वाटेतून बाजूला झाली. विलिमाइनाचा मुलगा एमोसी ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडला फळं तोडायला गेला आणि बंद पेटीतून परत आला. पहिल्या रात्री त्याच्याजवळ कोण बसलं होतं, हे विलिमाइनानं भेटेल त्याला विचारलं होतं. कुणालाच सांगता आलं नाही. मरणापेक्षा तेच तिला जास्त लागलं होतं.

शाळा सुटून टॅम्सिन आली तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. बायकांनी चटयांच्या गुंडाळ्या आणल्या होत्या, पुरुषांनी कुटून पाण्यात कालवून प्यायची यंगोनाची मुळं. ती खडूच्या हातांनी दारातच थबकली.

विलिमाइनानं शेजारची जागा थोपटली. "ये, बस. मेलेलीचं माणूस तूच आहेस. तुझ्याशिवाय सुरू कसं करणार?"

गावातले सगळ्यांत वडील सोलोमोनी हातात मयताच्या मानाचा देवमाशाचा दात धरून बसले होते. "आजीचं नाव काय, पोरी?"

"ग्लेनिस."

म्हाताऱ्यांच्या जिभेवर ते नीट बसेना, पण त्यांनी ते सोडलं नाही. आपल्या पूर्वजांच्या नावांमागोमाग त्यांनी ते सावकाश घेतलं. ते ऐकलं आणि टॅम्सिनचा बांध फुटला. विलिमाइनानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. पोर रडली याचं तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

मग तिनं गादीखालून मोठी चटई काढली. चारी बाजूंनी रंगीत लोकरीची झालर. ती तिनं स्वतःच्या मरणासाठी विणून ठेवली होती.

"घेऊन जा. तिच्या मातीवर घाल."

टॅम्सिननं नाक पुसलं. "आई, माती नाहीये. तिला जाळणार. राख पेटीत ठेवतात. पेटी आमच्या घरीच राहील, फडताळावर."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. चटई सबंध खोलीभर पसरली होती. एवढं विणलेलं, आणि घालायला जागाच नाही. विलिमाइनानं चटईवरून हात फिरवला.

"केवढी असते पेटी?"

टॅम्सिननं हवेत दोन हात धरले. "एवढी."

विलिमाइनानं एक पात उचलली, त्या दोन तळव्यांच्या मधे ताणून धरली आणि टोकाशी गाठ मारली.

लहान चटईला पात बारीक चिरावी लागते. विलिमाइनाच्या डोळ्यांना पाणी यायचं. तोरिका शिंपल्यानं पाती घासून द्यायची.

"वैनी, तान्ह्या पोराची चटईसुद्धा हिच्याहून मोठी असते गं."

"असू दे. तिच्याखाली काहीतरी अंथरलेलं असलं म्हणजे झालं."

झालरीची लोकर तिनं मोठ्या चटईचीच एक बाजू उसवून घेतली.

मुलं निघण्याच्या आदल्या दिवशी सभागृहात निरोपाचं जेवण झालं. काय लक्षात राहील ते एकेकानं उठून सांगायचं, असा रिवाज होता. एकानं धबधबा सांगितला. एक जण यंगोना पिऊन गटारात कसा पडला ते सांगू लागला, तर सगळं गाव खो खो हसलं. मग टॅम्सिन उठली. काखेत त्या छोट्याशा चटईची गुंडाळी होती. ती खाली ठेवून तिनं दोन्ही हात पुढे केले आणि हवेत तेवढंच अंतर धरलं.

"एवढा मासा पकडलास?" तिच्याबरोबरचा एक मुलगा ओरडला. बाकीची मुलं हसली.

गावातलं कुणीही हसलं नाही. तोरिकानं खांद्याला डोळे पुसले. टॅम्सिनचे हात तसेच होते आणि ती फक्त विलिमाइनाकडे बघत होती.

विलिमाइनानं मान हलवली. माप बरोबर होतं.