मागच्या सीटवर

मुलांनी तास सोडून शाळेबाहेरच्या हिरवळीवर सभा भरवली होती. बंदुकांचे कायदे कडक करा, एवढंच त्यांचं मागणं. माइकवर वेंडेलची मुलगी मार्ली होती, सतरा वर्षांची. पेनसिल्व्हेनियातल्या या गावात हरणांच्या शिकारीसाठी शाळेलासुद्धा सुट्टी देतात. तिथे हे बोलायचं म्हणजे छाती लागते. वेंडेलचा ऊर भरून आला होता.

"आलेल्या पालकांना एकच विचारते," मार्ली म्हणाली. "बंदूक कायम कुलपात ठेवणाऱ्यांनी हात वर करा."

चार-पाच हात वर झाले. सगळ्यात आधी वेंडेलचा.

"वा रे, पोरीचा शहाणा बाप!" शेजारचा डोरन खवचटपणे हसला.

तेवढ्यात मार्ली धावत आली. "बाबा, ट्रकची किल्ली दे पटकन. फलक आतच राहिलेत."

त्याने किल्ली दिली, ती पळाली, आणि मग त्याला आठवलं. शनिवारी शिकारीहून आल्यापासून रायफल मागच्या सीटवरच होती. दरवर्षी असायची, रोज कोण काढ-घाल करणार! आणि आज त्यानेच ती ट्रकमधून शाळेच्या आवारात आणली होती. तिला हाक मारावी, तर ती ट्रकपाशी पोचलीसुद्धा होती.

मार्ली फलक घेऊन परतली. एवढ्या थंडीत तिच्या अंगावर कोट नव्हता.

"कोट कुठंय गं?" कळून चुकलं होतं, तरी त्याने विचारलं.

तिने किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "मागच्या सीटवर पसरलाय. खिडकीतून सगळं दिसत होतं, बाबा."

आणि कुडकुडत ती पुन्हा माइककडे गेली.