पान बावीसची साक्ष

मित्रांनो, माझे नाव सांगितले तरी तुम्हाला ओळख पटणार नाही. कधीच बंद पडलेल्या एका मासिकाचा मी तीस वर्षांपूर्वीचा अंक आहे. पाने बत्तीस, मुखपृष्ठ फिकट पिवळे. तेही तो कागद स्वस्त मिळाला म्हणून.

साकीनाक्याच्या एका गाळ्यात मी छापला गेलो. शेजारी पत्रा कापायचे यंत्र दिवसभर किंचाळत असे. लेखक विद्याधर स्वतः मुद्रिते तपासायला आले होते. धर्म ज्याने त्याने आपल्या घरी ठेवावा, सरकारच्या आणि शाळेच्या कामात आणू नये, असे ते आयुष्यभर लिहीत आले होते. बाविसाव्या पानापाशी ते बराच वेळ थांबले, मग त्यांनी चहा मागवला. सात आठवड्यांनी ते वारले.

पुढे काही वर्षे माझी बरी गेली. घाटकोपर, अंधेरी, बोरिवली अशी माझी फेरी चाले. कुणी मला वाखाणले, कुणी समासात चार शिव्या लिहिल्या. खरे सांगू? मला दोन्ही आवडले. मग मी मुलुंडला विद्याधरांच्या मुलीकडे, वसुधाताईंकडे परतलो आणि माळ्यावर गेलो. तिथे दिवस कळत नाही, वर्षही कळत नाही. झोपेत वाटायचे, कुणीतरी माझी पाने हलके हलके उलटत आहे. जाग आली की नुसती धूळ असे. फार एकटे वाटायचे मला.

गेल्या वर्षी एका दुपारी खालून आवाज आले. इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात विद्याधरांचे चरित्र आहे. ते कुणालाही सुधारता येते. त्यात कुणीतरी लिहिले होते की अखेरच्या काळात ते श्रद्धाळू झाले आणि त्यांच्यावर धार्मिक अंत्यसंस्कार झाले. आधार म्हणून वर्तमानपत्रातली निधनवार्ता दिली होती. वसुधाताईंनी ते वाक्य तीनदा पुसले, तीनदा ते परत आले.

"अगं, मी मुलगी आहे त्यांची. तसं लिहिलंय ना मी तिथे," त्या म्हणाल्या.

"आई, ते नाही चालत. कोणीही येऊन मुलगी म्हणेल. छापील काहीतरी लागतं," त्यांची लेक दीप्ती म्हणाली.

थोड्या वेळाने स्टूल सरकले आणि माळ्याचे दार उघडले. इतक्या वर्षांनी उजेड दिसला आणि क्षणभर मला ते स्वप्नच वाटले. ताईंच्या बोटांनी बाविसावे पान शोधले. तिथे विद्याधरांनी लिहिले होते, 'मी आजही नास्तिक आहे. माझ्यामागे कोणतेही विधी नकोत. देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा.'

दीप्तीने माझा महिना, वर्ष, पान सगळे टिपून घेतले. "झकास. श्रद्धाळू झाले, हे आता काढता येईल," ती म्हणाली. मग जरा अडखळली. "पण आई, विधी झाले होते ना?"

ताई खाली बसल्या. "झाले. सगळे नातेवाईक जमले होते. बाबांची इच्छा मला एकटीला ठाऊक होती. कॉलेजला फोन करायचा होता. मी गप्प बसले गं."

"मग फक्त इच्छा लिहू या. विधींचं राहू दे."

"नको. झालेलं पुसायचं नाही."

दीप्तीने लिहिले, 'त्यांनी विधी न करण्याची आणि देहदानाची इच्छा छापून जाहीर केली होती. तरीही धार्मिक अंत्यसंस्कार' आणि तिचा हात थांबला. ताईंनी लॅपटॉप आपल्याकडे ओढला. एकेक अक्षर शोधत त्यांनी पुढे लिहिले, 'कुटुंबीयांनी केले.' मग त्या रडल्या. मलाही रडावेसे वाटले, पण कागदाला ते परवडत नाही.

ते वाक्य अजून टिकून आहे. त्याच्याखाली आधार म्हणून माझे नाव आहे.

मित्रांनो, जुना अंक रद्दीत टाकण्याआधी एकदा उघडा. लिहिणारा माणूस जवळ असेल, तर त्याच्या हयातीतच उघडा. विद्याधर गेले त्या दिवशी मी त्यांच्या टेबलावरच होतो, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. मला कुणी हात लावला नाही.