अलिप्तस्थानाचं विलीनीकरण

"कलम पहिलं," बाबाजींनी चष्मा पुसून वाचायला घेतलं, "अलिप्तस्थान हे राष्ट्र आजपासून रत्नागिरीत विलीन होत आहे."

"काका, संध्याकाळची एसटी आहे," रामू बांधलेल्या ट्रंकेवर बसून म्हणाला. पुतण्या त्यांना कायमचं गावी न्यायला आला होता.

"बस जरा. सभागृह चालू आहे."

सभागृह म्हणजे मोरव्यातली दहा बाय बाराची खोली. बाबाजी मिठागरावर कारकून होते. मूलबाळ नव्हतं, करमत नव्हतं, म्हणून सन बासष्टमध्ये नवराबायकोनं हा देश काढला. सरकार बाबाजी, विरोधी पक्ष सुगंधाबाई. प्रजेसाठी माणूसच उरलं नाही, त्यामुळे देशात असंतोष नव्हता. मीठ बाहेर जाई, रॉकेल आत येई, एवढीच अर्थव्यवस्था. दर रविवारी चहा झाला की अधिवेशन. सुगंधाबाई स्टोव्हजवळच्या पाटावरून बोलायच्या.

एकदा त्या पाण्याला गेल्या असताना सरकारनं रेडिओ स्वतःच्या उशाशी ठेवण्याचा कायदा बिनविरोध मंजूर केला. "म्हणजे मी आता भिंतीशी बोलू का?" त्यांनी विचारलं, आणि दोन दिवस खरंच भिंतीशी बोलल्या. तिसऱ्या दिवशी घटनादुरुस्ती झाली : विरोधी पक्षाचं भाषण झाल्याशिवाय कायदा होणार नाही. भाषणाला वेळेची मर्यादा नाही, ही पुरवणी सुगंधाबाईंची.

गेल्या फाल्गुनात त्या वारल्या. तेव्हापासून देशात एकही कायदा झाला नव्हता. सरकार मात्र स्थिर होतं.

"इथे कोण आहे तुमचं?" रामू म्हणाला. "तिकडे आम्ही आहोत, सुलूताईची पोरं आहेत. एकटे काय करताय इथे?"

"राज्य करतोय."

"बरं, तुमच्या त्या बिलाला माझी हरकत नाही. झालं?"

"तू परदेशी नागरिक आहेस."

रामूनं कपाळाला हात लावला. तेवढ्यात शेजारच्या हौसाबाई दारात आल्या. रिकाम्या फळ्यांवरून त्यांची नजर फिरली आणि स्टोव्हपाशी थांबली.

"बाबाजी, यो पाट न्यायचा हाय का न्हाय? न्हाय तं माझे घरी ठेवते."

त्या पाटाला हात घालणार तोच बाबाजी म्हणाले, "थांबा, हौसाबाई. त्यांचं बोलणं व्हायचंय."

हौसाबाईंनी हात मागे घेतला. तिघंही पाटाकडे बघत राहिले. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

शेवटी रामू एकटाच निघाला. बाबाजींनी त्याला पिशवीभर मीठ दिलं. निर्यात बंद पडून चालणार नव्हतं. मग त्यांनी ट्रंक उघडली, सदरे पुन्हा खुंटीला लावले. रेडिओ काढून लावला. त्यावर कुणीतरी बोलत होतं. त्यांनी तो बंद केला आणि पाटासमोर येऊन बसले.