दीड भागाचं खोटं

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोमीटर आहे. चाळीस वर्षं मी खरं बोललो आणि अकरा दिवस खोटं. त्या अकरा दिवसांबद्दल मला सांगायचं आहे.

माझा आकार घोड्याच्या नालेसारखा. नालेच्या दोन टोकांत वस्तू धरून मूठ फिरवली, की तिची जाडी माझ्या अंगावरच्या रेघांवर वाचता येते. एका इंचाचे हजार भाग केले, तर त्यातला एकेक भाग मी वेगळा दाखवतो. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या आर्विड स्कोगेन या मोटार-मिस्त्रीनं मला तरुणपणी घेतलं. रोज काम संपलं की तो मला तेलाच्या फडक्यानं पुसून पेटीत ठेवी. "आर्विडचं माप म्हणजे माप," असं गावात म्हणत, तेव्हा मलाही मोठेपणा वाटे.

त्या उन्हाळ्यात बोर्गहिल्ड टोलेफसनबाईंची १९२९ सालची मोटार आमच्या शेडमध्ये आली. त्यांचे कैलासवासी यजमान गुरांचे डॉक्टर. त्याच गाडीतून ते शेतोशेती हिंडले होते. तिचा मोडलेला क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला फिरता दांडा, बदलायला दुसरा शोधण्यात दोन वर्षं गेली. ऐंशी वर्षांच्या बाईंना ती गाडी स्वतः चालवत साठ मैलांवर बहिणीकडे जायचं होतं.

हा शाफ्ट बेअरिंगच्या भोकात फिरतो. दोहोंत तेल मावेल एवढी फट लागते, दोन भागांची. ती कमी पडली तर तेल आत शिरत नाही, बेअरिंग वितळतं आणि शाफ्ट जागीच आवळला जातो. भर वेगात असं झालं तर मागची चाकं अडकतात. मग गाडीतल्या माणसाचं काय होईल ते सांगायला नको.

काम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी आर्विडचा धाकटा भाऊ पामर यानं त्याला न विचारता मला उचललं. त्याचा हात निसटला आणि मी सिमेंटच्या फरशीवर आदळलो. माझी कमान केसभर फाकली. पामरनं मला पुसलं, इकडेतिकडे पाहिलं आणि परत पेटीत ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून मी शाफ्टची जाडी दीड भाग कमी सांगू लागलो. बेअरिंगचं भोक आर्विडनं दुसऱ्या हत्यारानं मोजलं, ते बरोबर आलं. वजाबाकी केल्यावर फट मोठी दिसली. म्हणून त्यानं बेअरिंगच्या टोपीखालच्या पितळी पत्र्या काढून टोपी शाफ्टच्या जवळ आणली आणि फट 'दोन भागांवर' आणली. खरी फट अर्ध्या भागाचीच उरली होती. मला ओरडावंसं वाटत होतं, पण लोखंडाला कुठलं तोंड!

पामरची झोप उडाली असावी. अकराव्या दिवशी तो हातात एक पाकीट घेऊन आला.

"आर्विड, टोपी कायमची बसवण्याआधी या मऊ दोऱ्यानं एकदा बघ ना. शाफ्टवर ठेवायचा, टोपी आवळायची, उघडायची. दोरा जितका चपटा, तितकी फट कमी."

"दोऱ्यानं?" आर्विड हसला. "मी काय परकर शिवतोय?"

"माझ्यासाठी बघ."

आर्विडनं कुरकुरत दोरा ठेवला, टोपी आवळली, पुन्हा उघडली. दोरा चांगलाच पसरला होता. पाकिटावरच्या पट्ट्यांशी ताडून पाहिलं, तर त्यावरची सर्वांत रुंद पट्टीही अपुरी पडली.

"शिळा माल आहे तुझा," आर्विड म्हणाला आणि दोरा खरवडून टाकला. "बाई उद्या येतायत. तो पाना दे इकडे."

पामरनं पाना घट्ट धरून ठेवला.

"पामर, पाना."

"नाही देणार. ते माप माझ्या हातून पडलं, आर्विड. तू मोजायला घ्यायच्या आदल्या दिवशी."

आर्विडनं पेटीतली, मापं तपासायची नेमकी इंचभर लांबीची पोलादी कांडी काढली आणि माझ्या टोकांत धरली. माझ्या रेघांवर नेमका दीड भाग कमी दिसला. त्यानं कांडी पुसून पुन्हा धरली. तेच.

"अकरा दिवस गप्प बसलास?"

"तू म्हणाला असतास, पामर आणखी काय करणार!"

आर्विड स्टुलावर बसला. तो म्हणाला, "म्हणालो असतो. जन्मभर तेच तर म्हणत आलो." मग कांडीकडे बघत पुटपुटला, "मोजण्याआधी हिच्यावर रोज तपासायचं, हे मीच तुला शिकवलं. आणि मीच तपासलं नाही. चल, पत्र्या परत घाल. तू घाल."

पामरनं पत्र्या घातल्या. नव्या दोऱ्यानं दोन भाग दाखवले. आठवड्यानं टोलेफसनबाई एकट्या निघाल्या. दोघे भाऊ टेलिफोनशेजारी बसून राहिले. तीन तासांनी घंटा वाजली, तेव्हा दोघांचे हात एकदमच रिसीव्हरवर पडले. बाई बहिणीकडे सुखरूप पोचल्या होत्या.

माझी कमान काही सरळ झाली नाही. 'मापासाठी नाही' अशी चिठ्ठी बांधून आर्विडनं मला खिडकीत ठेवलं आहे.

मित्रांनो, वस्तू हातून पडतातच. पडली तर पुसून गुपचूप ठेवू नका. लगेच सांगा, आणि सांगणाऱ्यावर ओरडू नका. आम्हांला वाचा नाही. आमच्या वतीनं बोलायला तुमच्याशिवाय कोण आहे?