एक्सलचे दात

बायकोला, मस्तूराला, पुरून तिसरा दिवस उलटला, सांत्वनाला आलेली माणसं पांगली, आणि बेलगासिमनं रस्त्याकडेला पडलेली पिकअप ओढून दूझमध्ये अम्मारच्या गॅरेजात आणली. तो एकदाही रडला नव्हता. बायका त्याला दगड म्हणाल्या. म्हणोत बापड्या. त्याला फक्त एक गोष्ट कळायला हवी होती.

केबिलीच्या इस्पितळापासून ऐंशी किलोमीटर अलीकडे, ऐन डायलिसिसच्या दिवशी, गाडीचं मागचं चाक ड्रमसकट निखळलं होतं. मस्तूराला पहाटेपासून धाप लागलेली. दोन तास त्या रस्त्यानं कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या तासाला घाई उरली नाही.

"घोडं कुठं पेंड खातंय ते आधी बघू," म्हणत अम्मारनं जॅक लावला. एक्सल बेअरिंगपाशी तुटला होता. बाहेरचा तुकडा चाकाबरोबर आला होता, उरलेला दांडा आतच होता.

"बेअरिंगनं घात केला का वेल्डिंगनं?" बेलगासिमनं विचारलं.

अम्मारचे हात थांबले. चार वर्षांपूर्वी उंट हुडकायला वाळूच्या टेकाडांत शिरलं की एक चाक नुसतंच गरगरायचं. मग दोन्ही चाकं एकदमच फिरावीत म्हणून बेलगासिमनं मागच्या गोळ्यातले, म्हणजे डिफरन्शियलचे, गिअर वेल्ड करून घेतले. वाळूतले सगळेच घेतात. वेल्डिंग अम्मारनंच केलं होतं, आणि बजावलंही होतं, की डांबरावर हे चालायचं नाही, वळणावर सगळा पीळ एक्सलला बसतो. पुढं मस्तूराची मूत्रपिंडं निकामी झाली आणि आठवड्यातून तीनदा डांबर सुरू झालं.

"आतल्या टोकाला दात असतात," अम्मार सावकाश म्हणाला. "ते सरळ असले तर बेअरिंग, वयानं गेलं. पिळलेले असले तर..."

"काढ."

"कशाला उकरतोस? एक्सल नवा टाकतो, बेअरिंग नवं टाकतो. चहा घे."

"काढ म्हणतो ना, हाडवैऱ्या!"

अम्मारनं दांडा ओढून काढला आणि पाठ फिरवून पुसला. बराच वेळ पुसला.

"सरळ आहेत," तो म्हणाला. "बेअरिंगच. अल्लाची मर्जी."

बेलगासिमनं हात पुढं केला. "दे इकडं."

दात काथ्याच्या दोरीसारखे पिळले होते. त्यानं त्यावरून अंगठा फिरवला. आता आत काहीतरी तुटेल, अशी त्यानं वाट पाहिली. काही तुटलं नाही. अंगठ्याला तेल तेवढं लागलं.

"मी एकदाच सांगितलं रे," अम्मार खाली बघत म्हणाला. "माझ्या दारावरून जायचास, हात करायचास. वळणावर टायर चिरकायचे ते मला ऐकू यायचं. पुन्हा सांगायला हवं होतं."

"एकदा सांगितलेलं मला आठवत होतं," बेलगासिम म्हणाला. "उंट हातचे जातील म्हणून राहू दिलं."

 अम्मारनं चहाचा पेला पुढं सरकवला. बेलगासिमनं तो रिकामा केला. गोड होता का, ते त्याला कळलं नाही.

"गोळा बदल. साधा टाक."

"वाळूत रुतशील मग."

"रुतू दे. आता मला कुठं वेळेवर पोचायचंय?"